वेंधळी म्हणून सोडून दिलेल्या

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती तीन आठवडे उशिरा पडतो आहे. यापूर्वीही अंक उशिरा निघाले आहेत. त्या त्या वेळी आम्ही छापखान्याची अडचण, कागदाचे भाव, शिबिरांची गर्दी अशी कारणं दिली. ती सगळीच खोटी नव्हती. या वेळचं कारण मात्र सरळ सांगते. संपादकीय लिहायचं काम माझ्याकडे होतं. ते मी चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा अर्ध्यावर टाकून भलत्याच कामाला लागले.

अंक उशिरा निघाल्याने फारसं कुणाचं बिघडत नाही. गेल्या वर्षी जे घडलं त्याने बिघडलं. आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या एका बाईचा पोटगीचा अर्ज कोर्टात होता. तिच्या नवऱ्याच्या पगाराचे कागद आणि तिचं प्रतिज्ञापत्र तारखेच्या आदल्या दिवशी वकीलबाईंकडे पोचवायची जबाबदारी मी घेतली होती. कागद माझ्या शबनममध्ये होते. त्या दिवशी मी दोन बैठकांना गेले, तिसरीची वेळ चुकवली, घरी आले, झोपले. कागद शबनममध्येच राहिले. कोर्टाने पुढची तारीख दिली ती सात आठवड्यांनंतरची. सात आठवडे ती बाई दोन मुलांना घेऊन भावाच्या घरी, भावजयीची बोलणी खात राहिली. मला ती एवढंच म्हणाली, “ताई, मी तुमच्यावर विसंबले होते.”

ही माझी पहिली चूक नव्हती. माझ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे. दहा-बारा वर्षांचा कामाचा अनुभव आहे. सभेत मी बरी बोलते, संकटाच्या वेळी धावून जाते, रात्री दोन वाजता पोलीस चौकीत उभी राहते. पण दर महिन्याचा अहवाल, प्रवासखर्चाची बिलं, फोन करायचं दिलेलं वचन या गोष्टी लहानपणापासून माझ्या हातून निसटत आल्या आहेत. त्यासाठी मी स्वतःला आळशी म्हटलं, बेशिस्त म्हटलं. कागदांच्या त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा वाटलं की स्वतःला शिव्या देऊन हे सुटत नाही, आता कुणाला तरी विचारलं पाहिजे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले. पाच महिन्यांनी निदान हाती आलं: एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकणं आणि अतिचंचलता.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर त्यासाठी संपादकीयाची जागा अडवली नसती. पण या पाच महिन्यांत जे पाहिलं, ऐकलं, त्यातून आपल्या चळवळीपुढचे काही प्रश्न समोर आले. त्यांची चर्चा व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

विसरण्याची मुभा कोणाला?

मराठीत अशा बाईसाठी शब्दांना तोटा नाही. वेंधळी, धांदरट, अघळपघळ, गबाळी, ‘हिचं चित्त थाऱ्यावर नसतं’. पुरुषासाठीही शब्द आहेत, पण त्यांची चव निराळी आहे. विसरभोळा प्राध्यापक हा आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो. त्याचा चष्मा, त्याची छत्री, त्याच्या व्याख्यानाची तारीख लक्षात ठेवायला घरात एक बाई असते. ती बाईच विसरभोळी असेल तर तिच्या मागे कोण असतं?

घर चालवणं हे बहुतांशी लक्षात ठेवण्याचं काम आहे. दूध तापत ठेवलंय, सिलिंडर कधी लावला, मुलाचा डबा, लसीची तारीख, सासऱ्यांच्या गोळ्या, नणंदेच्या मुलीचं बारसं, उद्याच्या भाजीचं निवडणं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातल्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. हे काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही झाली हातांची मिनिटं. डोक्यात सतत चालणारी यादी कुठल्याच पाहणीत मोजली जात नाही. ज्या बाईचं अवधान मुळातच टिकत नाही तिच्यापुढे समाजाने नेमकं अवधानाचंच काम ठेवलं आहे. दूध उतू गेलं की तिची परीक्षा रोज नव्याने होते, आणि रोज ती नापास होते. तिला वाटतं, आपण बाई म्हणूनच कमी पडलो.

मुलींकडे लक्ष गेलं नाही

वैद्यकशास्त्राने या अवस्थेकडे पाहिलं ते मुलग्यांच्या निमित्ताने. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. दोष बुद्धीत नसून ‘नैतिक नियंत्रणात’ आहे, अशी तेव्हाची भाषा होती. पुढे अनेक दशकं चर्चा राहिली ती वर्गात बाक वाजवणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या, जागेवर न बसणाऱ्या मुलांची. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत ‘अवधानाची कमतरता’ हे नाव मध्यभागी आणलं आणि ती चंचलतेशिवायही असू शकते हे मान्य केलं. १९८७ मध्ये नाव बदलून एडीएचडी झालं. २०१३ च्या आवृत्तीत दोन महत्त्वाचे बदल झाले. लक्षणं सातऐवजी बारा वर्षांच्या आत दिसलेली असली तरी चालतील असं ठरलं, आणि सतरा वर्षांपुढच्या व्यक्तींसाठी लागणाऱ्या लक्षणांची संख्या सहावरून पाचवर आणली गेली. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही एडीएचडी हे नाव आलं. ही अवस्था लहानपणी सुरू होते आणि बऱ्याच जणांत मोठेपणीही राहते, हे आता सर्वमान्य आहे. प्रौढांमध्ये तिचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास धरलं जातं.

यात मुली कुठे होत्या? त्या मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा कुणाला त्रास नव्हता. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. मुलाचे मार्क घसरले की आईवडील शिकवणी लावतात, डॉक्टरकडे नेतात. मुलीचे घसरले की ‘नाहीतरी दहावीनंतर काय करायचंय’ हे वाक्य तयार असतं. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने वाचन-लेखनाच्या अडचणींबद्दल घराघरांत चर्चा घडवली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण त्यातलं मूलही मुलगाच होता. शिवाय मुलीला लहानपणापासून ‘नीट बस’, ‘मध्ये बोलू नको’ हे इतकं शिकवलेलं असतं की बाहेरची चंचलता ती आत दाबते. वरून शांत दिसते. आत डोकं पळत असतं. पुढे थकवा, नैराश्य, चिंता यांच्यासाठी ती डॉक्टरकडे जाते, आणि उपचार तेवढ्याचेच होतात.

निदानाचा रस्ता

माझा अनुभव थोडक्यात सांगते, कारण उद्या तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने जाईल. पहिल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं, “मॅडम, तुमची डबल ग्रॅज्युएट होण्याइतकी बुद्धी आहे, तुम्हाला कसला आलाय एडीएचडी? थोडी विश्रांती घ्या.” शिक्षण पूर्ण झालं हा त्यांना पुरावा वाटला. प्रत्येक परीक्षेच्या आधी मी सलग दोन रात्री जागून, रडून अभ्यास केला होता, हे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्यांनी लग्न, मूल, सासर यांची चौकशी केली आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या बाईंनी मात्र नीट दोन तास बसवून घेतलं.

नीट तपासणी म्हणजे काय ते त्यांच्याकडे कळलं. रक्ताच्या चाचणीत किंवा मेंदूच्या छायाचित्रात हे निदान दिसत नाही. आधी एक प्रश्नावली भरून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी केलेली अठरा प्रश्नांची प्रश्नावली बरीच वापरली जाते. पण ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. मग लहानपणाची हकीकत विचारतात. मला शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली. आईने ट्रंकेतून काढून दिली. चौथीपासून दहावीपर्यंत शेरे जवळजवळ एकच: हुशार आहे, पण लक्ष नाही. आईला विचारलं तर म्हणाली, “अगं, तू धांदरट होतीस, पण त्यात आजार कसला? मीही तशीच होते. सासूबाईंचे चटके खाऊन सुधारले.” हे ऐकून मी आणि डॉक्टरबाई दोघीही थोडा वेळ गप्प बसलो.

अडचण घरी, कामावर, नात्यांत अशी एकाहून जास्त ठिकाणी आहे का, हे पाहिलं जातं. अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कारणांची तपासणी होते. हे आपल्या गटांनी विशेष लक्षात ठेवावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या बाईचं लक्ष लागत नाही. थायरॉईड बिघडलं की लागत नाही. तान्ह्या बाळाच्या आईची झोप होत नाही म्हणून लागत नाही. आणि रोज मार खाणाऱ्या, संध्याकाळी दाराच्या कडीचा आवाज झाला की दचकणाऱ्या बाईचं लक्ष कशात लागणार? केंद्रावर येणारी बाई विसरते, गोंधळते, तारखा चुकवते म्हणून तिला घाईने कुठलं नाव देऊ नये. हिंसेचा प्रश्न पहिला. उलट बाजूही खरी आहे. हिंसा थांबली, वर्ष-दोन वर्षं झाली आणि तरीही ती ‘मी शाळेत असल्यापासून अशीच आहे’ म्हणत असेल, तर ते ‘टेन्शन’ म्हणून झटकू नये.

शिक्का आणि निदान

काही मैत्रिणींचा याला आक्षेप आहे. गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, “बायकांना वेडं ठरवण्याविरुद्ध आपण आयुष्य घालवलं. आणि आता तू स्वतःहून शिक्का मागायला गेलीस?”

तिचा प्रश्न हलका नाही. नको झालेल्या बायकोला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून माहेरी धाडणं, मालमत्तेत वाटा मागणाऱ्या बहिणीला येरवड्याची भीती घालणं, हे आपण आपल्या केंद्रांत पाहिलं आहे. भार्गवी दावर यांनी १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी दृष्टीने पुस्तक लिहिलं. बायकांचं दुःख आणि मानसोपचाराची सत्ता यांचा संबंध त्यांनी पुढेही सतत मांडला. कायद्यातही धोका आहे. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) तेराव्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. फाईल नवऱ्याच्या हाती लागली तर ती कोर्टात येऊ शकते.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक हवी. विकार इतका आणि अशा प्रकारचा असला पाहिजे की जोडीदाराने एकत्र राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की आजाराचं नुसतं नाव पुरेसं नाही, त्याची तीव्रता सिद्ध व्हावी लागते. मे २०१८ पासून अमलात असलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा (२०१७) सांगतो की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्याने कुणी ‘विकल मनाची’ ठरत नाही, ते कोर्टाने ठरवावं लागतं. माहिती गुप्त राहण्याचा आणि आपल्या उपचारांच्या नोंदी आपल्याला मिळण्याचा हक्कही या कायद्यात आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? आपल्या शिबिरांत पोटगीचं कलम पाठ करून घेतो, तसं हेही शिकवायला हवं.

त्या ज्येष्ठ मैत्रिणीला मी जे उत्तर दिलं ते इथेही देते. शिक्का आणि निदान यांत फरक आहे. तो कागदावर दिसत नाही, पण कोणी मागितलं, कशासाठी मागितलं आणि कागद कोणाच्या कपाटात राहिला यावरून तो ठरतो. नवरा बायकोला ओढत नेऊन लिहून घेतो तो शिक्का. बाई स्वतः जाते, प्रश्न विचारते, पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आणि कागद स्वतःजवळ ठेवते, ते निदान. ‘वेंधळी’ हाही शिक्काच होता. तो मारताना कोणी तपासणी केली नव्हती.

हे फक्त आपल्यासारख्यांचं दुखणं?

दुसरा आक्षेप असा की हे शहरी, मध्यमवर्गीय बायकांचं नवं फॅड आहे. माझ्या तपासण्यांना जेवढे पैसे लागले तेवढ्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईचं महिन्याचं भाडं निघालं असतं, हे कबूल. पण मग त्या बाईला हा त्रास नसतो असं म्हणायचं का? गॅस बंद करायला विसरली म्हणून चार घरची कामं तिचीच सुटतात. माझी चूक सांभाळून घ्यायला संस्था होती. तिची सांभाळायला कोणी नसतं. निदान महाग आहे याचा अर्थ त्रास श्रीमंतांचा आहे असा होत नाही. ते स्वस्त आणि जवळ असलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

१९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पण जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला डॉक्टरांची जी पाच मिनिटं मिळतात, त्यात लहानपणापासूनची हकीकत सांगून होत नाही. औषधाचीही तीच कथा. यावर वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. गैरवापर होऊ नये म्हणून हे बंधन योग्यच आहे. पण त्यामुळे बहुतेक दुकानदार ते ठेवतच नाहीत. तालुक्याच्या बाईने दर महिन्याला मजुरी बुडवून शहर गाठायचं का? शिवाय २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता आहेत, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. कामाच्या ठिकाणी सवलत मागायची तर आधार कशाचा घ्यायचा, हा प्रश्न उरतोच.

आपल्या घरात

सरकारकडे मागणी करणं आपल्याला सवयीचं आहे. स्वतःकडे पाहणं जड जातं. सहा वर्षांपूर्वी आमच्या गटातली एक तरुण कार्यकर्ती काम सोडून गेली. उशिरा यायची, नोंदी अर्धवट ठेवायची. वस्तीतल्या बायकांचा तिच्यावर जीव होता. आढावा बैठकीत आम्ही तिला बेजबाबदार म्हटलं. चळवळीत शिस्त हवी, असं भाषण झालं. हात वर करणाऱ्यांत मीही होते. माझ्या चुका झाकायला माझ्याकडे पदवी आणि इंग्रजी होतं, तिच्याकडे नव्हतं. तिला एडीएचडी होता का, हे मला माहीत नाही आणि पाठीमागे तिचं निदान करण्याचा मला हक्क नाही. पण ‘तुला कशाची मदत हवी?’ हा प्रश्न तिला आमच्यापैकी एकीनेही विचारला नाही. सासरी सुनेला जे ऐकावं लागतं तेच आम्ही तिला ऐकवलं. तिची जाहीर माफी मागते.

निदान म्हणजे सूट नव्हे, हेही स्पष्ट करते. पोटगीच्या अर्जवाल्या त्या बाईकडे मी पुन्हा गेले. आजाराचं नाव आधी सांगितलं नाही. चूक माझी होती, एवढं सांगितलं. मग पुढचं बोलले. ती म्हणाली, “नाव काही असू दे ताई. आता कागदांची एक झेरॉक्स माझ्यापाशी राहील, आणि तारखेच्या आधी दोन दिवस मीच तुम्हाला फोन करीन.” पाच महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच.

तिच्या सांगण्यावरून केंद्राची पद्धत बदलली. कोर्टाच्या सगळ्या तारखा आता भिंतीवरच्या फळ्यावर आहेत. प्रत्येक प्रकरण दोघींकडे असतं. कागदाची प्रत त्या बाईजवळच राहते. अहवाल लिहायला आम्ही गुरुवारी एकत्र बसतो. हे बदल माझ्यासाठी म्हणून झाले, पण ज्यांचं लक्ष उत्तम टिकतं त्यांनाही ते सोयीचे वाटतात. आणि पूर्वी कार्यकर्तीच्या तोंडाकडे बघत बसणाऱ्या बायका आता स्वतःची तारीख स्वतः फळ्यावर तपासतात.

गोळीने मला मदत होते. एक काम धरलं की ते पुरं होण्याची शक्यता वाढते. पण सकाळी सहापासूनचं घरकाम कोणत्याही गोळीने वाटलं जात नाही. ते वाटून घेण्याचं भांडण आपल्यालाच घालायचं आहे, घरोघरी.

या अंकापासून मानसिक आरोग्यावर एक सदर सुरू करतो आहोत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात प्रौढ बाईची अशी तपासणी होते का, औषध मिळतं का, किती खेपा पडतात, हे पाहून आम्हाला कळवा. माहिती जमली की आरोग्य खात्यापुढे एकत्रित निवेदन ठेवता येईल. ज्यांना स्वतःबद्दल लिहायचं आहे त्यांनी नाव न घालता लिहिलं तरी चालेल. उशिरा आलेली, अर्धवट राहिलेली पत्रंसुद्धा आम्ही छापू.

आपली,
संपादक मंडळासाठी